एका खोलीसाठी २३ दिवस

आमचा वादाचा कार्यक्रम होऊन दोन महिने झाले, तरी खोलीच्या अर्जावरचे ‘अंडर रिव्ह्यू’ (तपासणी सुरू आहे) हे शब्द दिसले की अजूनही माझं डोकं तापतं.

मी अमेरिकेत लॉ स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिथल्या फेडरलिस्ट सोसायटीच्या विद्यार्थी शाखेचं काम बघते. कायद्याच्या वर्गांत कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबर्टेरियन (सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी असावा असं मानणारी) बाजू नीट मांडलीच जात नाही, या तक्रारीतून विद्यार्थ्यांनी १९८२ मध्ये ही संस्था सुरू केली. माझे आजोबा शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे. त्यांचा लाल बिल्ला अजून आमच्या देवघराच्या फळीवर आहे. सरकारनं शेतकऱ्याच्या मालात आणि जमिनीत किती हात घालावा, हे वाद मी जेवताना ऐकत मोठी झाले. त्यामुळे इथे आल्यावर या शाखेत जाणं मला परकं वाटलं नाही.

आम्हाला वाद ठेवायचा होता २००५ च्या केलो निकालावर. कनेटिकटमधल्या न्यू लंडन शहरानं विकास प्रकल्पासाठी सुझेट केलोचं घर घ्यायचं ठरवलं, आणि सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी ते मान्य केलं. सरकारला खासगी जमीन ‘सार्वजनिक उपयोगा’साठीच घेता येते; विकास प्रकल्प त्यात बसतो का, हाच प्रश्न होता. घर गेलं, पण प्रकल्प काही उभा राहिला नाही. ती जागा कित्येक वर्षं ओसाड पडून होती. मला स्वतःला हा निकाल चूक वाटतो. म्हणूनच तो बरोबर मानणारा माणूस समोर हवा होता. प्रॉपर्टी लॉ शिकवणारे एक प्राध्यापक पहिल्याच ईमेलला हो म्हणाले. अट एकच, निम्मा वेळ प्रश्नोत्तरांना. बाहेरचा वक्ताही ठरला. राहिली फक्त खोली.

तिथे गाडी अडली. विद्यार्थी कार्यालयाच्या ऑनलाइन अर्जात एक रकाना होता: ‘या विषयावर संस्थेची भूमिका’. सोसायटी धोरणाच्या प्रश्नांवर अधिकृत भूमिका घेत नाही, म्हणून मी लिहिलं, ‘भूमिका नाही, हा वाद आहे’. सहा दिवसांनी अर्ज परत: माहिती अपूर्ण. मी चार ओळींत खुलासा लिहिला. पुन्हा ‘अंडर रिव्ह्यू’. मग वक्त्याचा परिचय मागितला, दिला. मग सल्लागार प्राध्यापकांची सही; ते परिषदेला गेलेले, त्यात पाच दिवस गेले. मग म्हणे, ६० जण येणार लिहिलंय आणि खोली ४८ जणांची आहे. इकडे वक्त्याच्या विमानाचं तिकीट रोज महाग होत होतं. एका रात्री तर मी कार्यक्रम रद्द करायचा ईमेल लिहून ठेवला होता.

विसाव्या दिवशी मी वर्ग बुडवून थेट कार्यालयात गेले. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या नावावर चार अर्ज दिसत होते! मी दर वेळी ‘एडिट’ दाबून दुरुस्ती करत होते आणि यंत्रणा तो नवा अर्ज समजून रांगेच्या शेवटी ढकलत होती. ‘दुरुस्ती मला ईमेलनं कळवायची, मी इथून करते,’ त्या म्हणाल्या. हे अर्जावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. बाहेर येऊन मी जिन्यात बसले आणि आधी आजोबांना फोन लावला. तीन दिवसांत मोठी खोली मिळाली.

असं काही करणार असाल तर विरोधी बाजूचा वक्ता आधी ठरवा, आपला नंतर. विषयाचं शीर्षक प्रश्नार्थक ठेवा. आम्ही ‘केलोचा निकाल योग्य होता का?’ एवढंच ठेवलं. सल्लागारांची सही सत्राच्या पहिल्याच आठवड्यात घेऊन ठेवा. आणि अर्ज भरून आठवडा झाला की ईमेल करत बसू नका, उठून जा.

त्या दिवशी खुर्च्या भरून मुलं पायऱ्यांवर बसली. आमच्या विचारांच्या अगदी विरुद्ध असलेल्या एका मुलीनं सर्वांत अवघड प्रश्न आमच्याच वक्त्याला विचारला. झोपडपट्टी हटवली किंवा धरण बांधलं तर तो सार्वजनिक उपयोग, मग रोजगारासाठी जमीन घेतली तर का नाही? त्यावरच वीस मिनिटं गेली. वेळ संपल्यावरही ती आणि मी दारात उभ्या राहून भांडत होतो, शेवटी दिवे बंद करायला माणूस आला.

आणि हो, माईकचा अर्ज वेगळा असतो. खोली मिळाली त्याच दिवशी तोही भरा.