कोर्सला जाताना सुताचं एक बिल सोबत न्या

सोलापुरातले सीए, कर सल्लागार आणि अकाउंटंट वर्षभर कुठला ना कुठला रिफ्रेशर करतच असतात. प्रॅक्टिस करणाऱ्या सीएला तर तीन वर्षांत १२० सीपीई (व्यवसायात राहून शिकत राहण्याचे) तास भरावेच लागतात. तास भरतात, सर्टिफिकेट येतं, आणि टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एंट्री मात्र पहिल्यासारखीच पडत राहते. बहुतेक वेळा यात शिकवणाऱ्याचा दोष नसतो. ऐकणारा रिकाम्या हाताने आलेला असतो.

म्हणून जाण्याआधी विषयाशी जुळणारं एखाद्या अशिलाचं खरं बिल काढा, नाव-नंबर झाकून झेरॉक्स करा आणि सोबत ठेवा. समजा विषय सूक्ष्म-लघु उद्योगांची देणी, म्हणजे जुन्या आयकर कायद्यातलं ४३बी (एच). अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याने २० मार्चला सूत उतरवून घेतलं, लेखी करार नाही, ३१ मार्चला पैसे देणं बाकी. सूत बनवणारा सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर मुदत १५ दिवसांची. ३ एप्रिलला पैसे दिले तर खर्च त्याच वर्षीच्या उत्पन्नातून वजा होतो, १० एप्रिलला दिले तर पुढच्या वर्षीच्या. रिटर्न भरेपर्यंत दिले तरी चालतात, ही ४३बीची नेहमीची सवलत इथे नाही. लेखी करार असेल तर करारातली मुदत धरायची, पण ४५ दिवसांच्या वर नाही.

एवढं स्लाइडवर असतंच. बिल हातात असलं की पुढचे प्रश्न सुचतात. दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे की माल स्वीकारल्यापासून? (स्वीकारल्यापासून.) सूत गिरणीचं आहे की व्यापाऱ्याचं? व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती असते, त्यामुळे तिथे हे कलम लावायला जाऊ नये. पुरवठादाराचं उद्यम प्रमाणपत्र कधीचं आहे? १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा ५० कोटींवरून १०० कोटी झाली, म्हणजे कालचा मध्यम उद्योग आज लघु असू शकतो. आणि १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे नंबर बदलले. जुन्या नोट्सवर नवा नंबर तिथेच लिहून घ्या.

प्रश्न विचारायचा तर नेमका विचारा. ‘जीएसटीचे नवे दर सांगा’ म्हटलं की वीस मिनिटं वाया जातात आणि सगळा हॉल मोबाइल काढतो. त्याऐवजी: २२ सप्टेंबर २०२५ पासून टॉवेल-चादरीला नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि वर १८ टक्के आहे, तर सहा टॉवेलच्या एका बॉक्सला २,५०० कशावर मोजायचे, नगावर की सेटवर? असा प्रश्न चहाच्या सुट्टीत नाही, सत्र चालू असताना विचारा. बाकीच्यांचेही तेच अडलेले असते.

स्लाइडचे फोटो काढू नका. गॅलरीत लग्नाच्या फोटोंखाली ते गाडले जातात. वहीत प्रत्येक बदलापुढे चारच गोष्टी लिहा: काय बदललं, कोणत्या तारखेपासून, आपल्या कोणत्या अशिलांना लागू, टॅलीत काय बदलायचं. चौथा रकाना रिकामा राहिला तर तो मुद्दा समजलेला नाही, असं खुशाल समजा. परत आल्यावर दोन दिवसांत त्या वहीवरून एका अशिलाची लेजर दुरुस्त करा, शक्यतो ऑफिसातल्या आर्टिकलला (सीए होऊ पाहणाऱ्या उमेदवाराला) शेजारी बसवून. सूत पुरवठादारांच्या लेजरला ‘सूक्ष्म’, ‘लघु’, ‘मध्यम’, ‘व्यापारी’ असे चार गट करायला एक दुपार पुरते. आठवडा गेला की वही उघडली जात नाही.

तारखा निवडताना दर महिन्याच्या ११ ला जीएसटीचं आर-१ (विक्रीचं विवरण) आणि २० ला ३बी (कर भरण्याचं विवरण), हे डोक्यात ठेवा. २१ नंतरचे दिवस मोकळे. जुलै आणि सप्टेंबर सोडाच. जानेवारी बरा, पण गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत ऑनलाइन सत्रसुद्धा धड ऐकून होत नाही. ऑनलाइनला कॅमेरा चालू ठेवला तरच माणूस जागेवर बसतो. बंद केला की मागे अशिलाचं काम सुरू होतं.

आणि फी भरताना फॉर्मवर फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर टाका. स्वतःच्या नावाने भरलीत तर आयोजक ते बी-टू-सीत (सामान्य ग्राहकाच्या विक्रीत) दाखवतो, तुमच्या २बीत (खरेदीवरच्या जीएसटीच्या यादीत) काही येत नाही आणि त्या कराचं क्रेडिट जातं.