दाइकोकूची पार्किंग आणि एक आकडी नंबर

दाइकोकूला चालत जाता येत नाही. सायकल चालत नाही, ट्रेनचं तर नावच नको. योकोहामाच्या बंदरात भराव घालून बेट केलंय, त्यावर द्रुतगती मार्गांचा गुंता आहे आणि त्या गुंत्याच्या पोटात ही पार्किंग. स्वच्छतागृह, छोटं दुकान, जेवणाचे काउंटर, वेंडिंग मशिनच्या रांगा. आपल्या एक्स्प्रेस-वेवरचा फूड मॉल म्हणा, फक्त वडापावशिवाय. शनिवार-रविवारी इथं गाडीवेड्यांची जत्रा भरते. ना कुणी आयोजक, ना तिकीट, ना स्टेजवर नारळ फोडणारे पाहुणे. ज्याला यावंसं वाटतं तो गाडी घेऊन येतो, लावतो, बोनेट उघडतो आणि शेजारच्याशी बोलत उभा राहतो.

भाचा टोकियोत निशी-कासाईला राहतो. तिथं रस्त्यात मराठी कानावर पडतं आणि दुकानात पोहे मिळतात, त्यामुळे परदेशात आल्यासारखं वाटायला मला घरातून बाहेर पडावं लागलं. क्योतो, नारा, हिरोशिमा झालं. ते सगळं बहिणीनं फेसबुकवर टाकलेलंच आहे. देवळं सुंदर, गर्दी भयंकर, हरणं आगाऊ. मला ज्यासाठी जायचं होतं ते रविवारी दुपारी.

भाच्याची गाडी म्हणजे होंडाची एन-बॉक्स. पिवळी नंबरप्लेट बघून मी पहिल्या दिवशी विचारलं, "अरे, टॅक्सी चालवतोस की काय?" जपानमध्ये पिवळी पाटी म्हणजे 'केई', सगळ्यात छोट्या वर्गातली गाडी. इंजिन ६६० सीसीच्या आत, लांबी ३.४ मीटरच्या आत, आणि ६४ अश्वशक्तीच्या पुढे कंपन्या आपणहूनच जात नाहीत. आपली मारुती ८०० ह्याच घराण्यातून आली. केईहून मोठ्या गाड्यांत धंद्याच्या गाडीला तिथं हिरवी पाटी असते आणि खासगीला पांढरी. हे पाट्यांचं पुराण मुद्दाम सांगतेय, पुढे लागणार आहे.

कासाईलाच वानगान ह्या किनाऱ्यालगतच्या द्रुतगती मार्गावर चढलो. समुद्राखालचा बोगदा, हानेदाची डोक्यावरून उतरणारी विमानं, मग त्सुरुमी त्सुबासा पूल, समोर १९८९ सालचा बे ब्रिज. पुलावरून उतरल्यावर रस्ता गोल गोल फिरवत खाली नेतो. एन-बॉक्समध्ये मागे बसलेल्या बहिणीनं त्या वळणांवर जे तोंड केलं ते मी विसरणार नाही.

आत गेलो आणि मी वयानं बरीच लहान झाले. एका ओळीत निसानच्या स्कायलाइन जीटी-आर, आर-३२ पिढीपासून आर-३४ पर्यंत. पलीकडे माझदाच्या आरएक्स-७. रोटरी इंजिनाची ती भुणभुण एकदा ऐकली की डोळे मिटूनही ओळखता येते. कार्टूनमधल्या मुलींची चित्रं दरवाजाभर चिकटवलेल्या गाड्या. आणि कोपऱ्यात शेव्हरलेच्या ॲस्ट्रो व्हॅन आणि जमिनीला टेकलेल्या जुन्या अमेरिकन लोरायडर. जपानी माणसाच्या लेखी 'इम्पोर्टेड' म्हणजे हे! स्टिअरिंग डावीकडे, मुद्दाम तसंच ठेवलेलं. आपण जपानी गाडीसाठी जीव टाकतो आणि जपानी माणूस डेट्रॉइटच्या डब्याला मेण चोळत बसलेला. मला फार बरं वाटलं.

आर-३४ पाहून मात्र हळहळले. अमेरिकेत गाडी २५ वर्षांची झाली की तिथल्या नियमांच्या कचाट्यातून सुटते आणि आयात करता येते. १९९९ च्या जानेवारीत आलेली आर-३४ त्यामुळे २०२४ पासून अमेरिकेला जायला मोकळी झाली, आणि किमती तर त्याच्या आधीपासूनच आभाळाला. आपल्याकडे प्रश्नच मिटलाय. पन्नाशी न गाठलेली वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली हवी, म्हणजे आर-३४ सारखी कुठलीच नाही.

आता तक्रार. निम्मी गर्दी माझ्यासारखी, हातात फोन घेतलेली. पांढऱ्या पाटीच्या जीटी-आरमधून पर्यटकांना भाड्यानं आणायचा धंदा जोरात आहे. खासगी पाटीवर परवान्याशिवाय भाडं घेणं तिथं बेकायदा, तरी राजरोस चालतं. ती पोरं उतरतात, कुणाच्याही बंपरवर पाय टेकवून फोटो काढतात, आणि मालकाकडे बघून हातानं रेस करायची खूण करतात. पोलिसांना बोलवायचा ह्याहून सोपा मार्ग नाही. एक टोळकं तर शुद्ध पुणेरीत ओरडलं, "काका, एकदा वाजवा ना!" मी पटकन भाच्याशी इंग्रजीत बोलायला लागले.

त्यांच्यापासून लांब पळताना ती दिसली. डॅटसन ब्लूबर्ड, ५१० मॉडेल. १९६७ साली आलेली चौकोनी, साधी, चार दारांची गाडी. ह्याच गाडीनं १९७० ची पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली जिंकली होती, हे बघून कुणाला खरं वाटू नये. ही तर पार उतरलेली. मूळचा क्रीम रंग बोनेटवर खडूसारखा झालेला, दाराच्या खालच्या कडेला गंज, मागच्या काचेवर विक्रेत्याचा अर्धा उडालेला स्टिकर. आजूबाजूच्या आरशासारख्या गाड्यांत ही जणू चुकून आलेली. पण जपानी लोक वाकून वाकून तिचीच नंबरप्लेट बघत होते.

मालक सत्तरीचे, डोक्यावर टोपी, हातात सुकं फडकं. भाच्याच्या जपानीवर विसंबून मी विचारलं, पाटीत एवढं काय आहे? त्यांनी बोट ठेवलं. 'योकोहामा' ह्या अक्षरांशेजारी एकच आकडा: ५. बाकी सगळ्या गाड्यांवर तिथं तीन आकडे होते, ३०० नाहीतर ५०० च्या घरातले. हा गाडीच्या वर्गाचा आकडा. साठचं दशक सरता सरता आकडे संपत आले म्हणून दोन आकडी क्रमांक सुरू झाले, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी तीन आकडी. जुनी पाटी तेव्हाच टिकते जेव्हा गाडी त्या कार्यालयाच्या हद्दीबाहेर कधीच नोंदली जात नाही आणि तिची नोंद कधी मोडत नाही. म्हणजे तो एक पाच सांगतो की गाडी ही हद्द सोडून कधी गेलेली नाही. ही गाडी विकत घेऊन चकाचक केलेली नाही, एका घरात राहिलेली आहे. वडिलांनी नवी घेतली, आता मुलाकडे.

भाच्यानं विचारलं (मीच विचारायला लावलं), रंग का नाही देत? ते म्हणाले, वडिलांनी निवडलेला आहे. मग म्हणाले, इंजिन, ब्रेक, टायर सगळं ठणठणीत आहे, दर दोन वर्षांनी तपासणी पास होते, बघायचंय? आणि खरोखर बोनेट उघडलं. आत तेलाचा एक थेंब नाही. रबरी नळ्या नव्या, पत्रा जुना. जे झिजल्यानं जीव जाईल ते बदलायचं, जे झिजलेलं नुसतं दिसतं ते ठेवायचं. १३ वर्षांवरच्या गाडीला तिथं कर जास्त पडतो, तोही ते इमानानं भरतात.

मग खरी गोष्ट निघाली. मुलगा चिबाला असतो, खाडीच्या पलीकडे. म्हणतो, आईला घेऊन इकडे या. पण पत्ता बदलला की गाडीची नोंद बदलायची, नोंद बदलली की पाटी गेली. शिवाय नव्या घरापासून दोन किलोमीटरच्या आत पार्किंग असल्याचा दाखला द्यायचा. म्हणून ते योकोहामातच आहेत. बायको काय म्हणते, असं माझ्या बहिणीनं विचारलं. भाच्यानं भाषांतर केलं आणि ते इतके हसले की टोपी काढावी लागली. उत्तर काही दिलं नाही.

मला हसू आलं नाही, कारण घरी आमची १९७१ ची फियाट आहे. तीन अक्षरी जुना नंबर, रंग अण्णांच्या वेळचा. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज धरलं. नव्यानं नोंदल्या जाणाऱ्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर, पण जिची नोंद आधीपासून आहे तिला जुना नंबर ठेवता येतो. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. रंगाचं त्यात काही म्हणत नाहीत. त्यामुळे आपल्याकडच्या रॅलीत जाऊन बघा. फियाट लाल, मॉरिस पिवळी, सीटवर पांढरं रेक्झिन, क्रोमवर उन्हाची तिरीप आणि बोनेटवर झेंडूची माळ. पन्नास-साठ वर्षांत त्या गाडीनं काय पाहिलं ते सगळं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलेलं. मला हे आवडत नाही. आवडत नाही हे रॅलीत बोलले की लोक मी गाडी ठेवायला पैसे नसलेली असल्यासारखं बघतात.

दादानं आमची फियाट दसऱ्याच्या आधी डेंटिंग-पेंटिंगला टाकायची ठरवली होती. मी तिथूनच, पार्किंगच्या कठड्याला टेकून, फोन लावला. आपल्याकडे तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. भोंग्यावरून अतिशय नम्र आवाजात सूचना सुरू झाली: पार्किंग बंद होत आहे, कृपया निघावे. पुन्हा तेच, पुन्हा तेच. कुणी वाद घातला नाही. बोनेटं खाली आली, कॉफीचे कॅन कचराकुंडीत गेले, आणि ब्लूबर्डवाले आजोबा वाकून नमस्कार करून पहिल्याच चावीत निघून गेले. बाहेर पडायला रांग लागली. आमच्या पुढे एक लोरायडर होता, तो त्या गोल वळणावर स्पीडब्रेकर नसतानाही जपून चालला होता.

"दादा, घासायला घेतली नाही ना अजून?"

"अगं, डाव्या बाजूची लांबी भरून झाली! तुला तिकडून हे काय सुचतंय?"

"उजवी बाजू राहू दे तशीच."

"एक बाजू जुनी, एक बाजू नवी? लोक काय म्हणतील? आणि टायरचे पैसे दे आधी तुझ्या वाटणीचे, मग रंग ठरव."

भाचा पुढून म्हणाला, "मावशी, मामाला सांग, अर्धी-अर्धी इथं आणली तर लोक फोटो काढतील." दादानं ते ऐकलं असावं, कारण फोन ठेवला. टायरचे पैसे मी त्या रात्रीच पाठवले. उजव्या बाजूबद्दल आमचं अजून चालू आहे.