धाकटी पुढे गेली

आज धाकटी तिच्या दादापेक्षा मोठी झाली. तो गेला तेव्हा नऊ वर्षे, चार महिने आणि अकरा दिवसांचा होता. तिने आज ते वय ओलांडले. तिला या मोजणीची कल्पना नाही आणि ती कधी असू नये, अशीच माझी इच्छा आहे. हा हिशेब मी एकटीच ठेवते आहे असे मला वाटत होते, पण काल रात्री दिवा मालवताना हे म्हणाले, "उद्या ती त्याच्या पुढे जाणार." सहा वर्षांत त्यांनी आपणहून त्याचा विषय काढल्याचे प्रसंग मोजकेच आहेत.

पहिल्या वर्षी मला त्यांचा फार राग येत असे. पंधरा दिवसांत ते कामावर रुजू झाले, शाळेतून नाव कमी करण्याचा अर्ज त्यांनीच लिहिला, गळका नळ दुरुस्त केला, आणि मी मात्र मुलाच्या कपाटासमोर बसून राहत असे. ज्याचे मूल गेले आहे त्याला नळ कसा दिसतो, असे मी त्यांना विचारलेही होते. ते गप्प राहिले. शोकात असलेला माणूस गेलेल्याकडे आणि उरलेल्या आयुष्याच्या कामांकडे आळीपाळीने ये-जा करत राहतो आणि त्या ये-जा करण्यातूनच तो दुःख पेलतो, हा मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ साली मांडलेला विचार माझ्या वाचनात फार उशिरा आला. मी कपाटाशी असे तेव्हा ते नळाशी असत, आणि ते कपाटाशी येत तेव्हा मी झोपलेली असे. हे मला एका सदऱ्याची बदललेली घडी पाहून कळले, तेही दोन वर्षांनी.

"आता धाकटीकडे बघून सावरा," असे सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, तरीही हे वाक्य मला सर्वांत जड जाते, कारण त्यात त्या मुलीला औषध करून टाकलेले असते. तिने आमची भरपाई का व्हावे? तिचाही भाऊ गेला आहे.

शोकाचे काम पुरे झाले की मन पुन्हा मोकळे होते, असे सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ साली लिहिले होते. जानेवारी १९२० मध्ये त्यांची मुलगी सोफी इन्फ्लुएंझाने गेली. एप्रिल १९२९ मध्ये, मुलगा गमावलेल्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले की आज ती छत्तीस वर्षांची झाली असती, आणि अशी जागा पूर्णपणे भरून येत नाही. त्या पत्रातल्या सांत्वनापेक्षा मला तो आकडा अधिक जवळचा वाटतो. नऊ वर्षे उलटल्यावरही एक बाप मुलीचे वय मोजत होता.

संध्याकाळी यांनी दादाच्या सायकलची सीट वर घेतली. धाकटीला ती कित्येक दिवसांपासून ठेंगणी पडत होती आणि आम्ही दोघेही ते टाळत होतो. सीटखालच्या दांड्यावर जुन्या उंचीपाशी गंजाची एक रेघ उमटली होती. त्यांनी दांडा पुसला, पण ती रेघ घासून काढली नाही. पाना हातात घेऊन मी शेजारी उभी होते.