सकाळी ७.८, दुपारी ९.४

आण्णांनी बाटली टेबलावर ठेवली तेव्हा शनिवारचे साडेचार वाजले होते आणि मी मनानं घरी पोचलो होतो. हातकणंगले तालुक्यात त्यांचं शेततळं आहे. रोहू, कटला, थोडे मृगळ. दोन दिवस दुपारच्या वेळी मासे वर येऊन उलटे होत होते. "साहेब, पंधरा दिवसांमागं तुम्हीच सामू काढून दिलासा, ७.८. आता बघा."

इलेक्ट्रोड बुडवला. सामू, म्हणजे पीएच, ९.४.

"आण्णा, जवळपास कसला कारखाना आहे का?"

"हाय की. कापड धुवायचं युनिट. बांधाला बांध."

"मग कॉस्टिक सोडा असणार," असं मी बोलून गेलो आणि पावती फाडून घरी आलो.

राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये मी बारा वर्षं पाणी तपासतोय. एवढ्या वर्षांत एकच गोष्ट नीट शिकायला हवी होती, की आकडा द्यावा, कारण देऊ नये. सोमवारी सकाळी त्या युनिटच्या मालकाचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं जास्तच लागलं. "साहेब, गावात सांगत सुटलेत, लॅबवाल्यांनी माझं नाव घेतलंय. गुरुवारी मीटिंग लावलीय."

त्या रात्री लॅपटॉप उघडला. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचा फ्रीक-सी नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. पाण्यातले सगळे आयन द्यायचे आणि मग विचारायचं, यातून इतका वायू काढला किंवा अमुक रसायन घातलं तर काय होईल? आण्णांचा पंधरा दिवसांपूर्वीचा पूर्ण रिपोर्ट फाईलमध्ये होता. धन आयनांची बेरीज ८.६ मिलिइक्विव्हॅलंट (भार मोजायचं एकक), ऋण आयनांची ८.५. ही दोन टोकं जुळली नाहीत तर मी पुढं जातच नाही. आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या रिपोर्टांचा वांधा इथंच असतो. कुणीतरी सल्फेट अंदाजानं भरलेलं असतं.

सामू ७.८ वरून ९.४ वर जायचे दोन रस्ते निघाले. तळं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं, बाजू उतरत्या, म्हणजे पाणी साधारण २० लाख लिटर. एवढ्या पाण्यात चाळीसेक किलो कॉस्टिक घाला, किंवा त्यातून चाळीसेक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर काढा, मीटर दोन्ही वेळी ९.४च दाखवणार. आकडे इतके सारखे आले की मी आधी माझीच चूक शोधत बसलो. चूक नव्हती. आणि चाळीस किलो म्हणजे एक पोतंसुद्धा नाही. रात्रीत कुणीही टाकून जाईल. मालकाला वाचवणारं यात काहीच नव्हतं.

फरक होता तो अल्कलिनिटीत. पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटची आम्ल पचवायची जी ताकद, ती अल्कलिनिटी. कार्बन डायऑक्साइड आत येवो नाहीतर बाहेर जावो, तिला ढिम्म फरक पडत नाही, कारण त्या वायूवर विद्युतभारच नाही आणि हा हिशेब भारांचा आहे. कॉस्टिक पडलं तर मात्र सोडियम वाढतं आणि तेवढीच अल्कलिनिटीही वाढते. प्रोग्रामचं म्हणणं होतं, कॉस्टिक असेल तर आण्णांच्या पाण्याची अल्कलिनिटी लिटरमागे १८२ मिलिग्रॅमची सुमारे २०८ होईल आणि सोडियम लिटरमागे १२ मिलिग्रॅमनं चढेल. नसेल तर दोन्ही जागच्या जागी.

बुधवारी पहाटे पावणेसहाला तळ्यावर पोचलो. सोबत मीटर, ब्युरेट, स्टँड, आणि मत्स्यालयाचे दोन छोटे एअर पंप. आण्णा आधीच येऊन बसलेले. पाणी पालकाच्या भाजीसारखं हिरवं. तळ्याच्या प्लास्टिक कागदावर, पाण्याच्या रेषेला, पांढऱ्या खरपुड्या. त्या मी नखानं खरवडल्या, आम्लाचा थेंब टाकला, फसफसलं. म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. सामू वारंवार चढत असल्याशिवाय हे असं बसत नाही. ते बघून माझ्या पोटात पहिल्यांदा गोळा आला.

सहाला सामू ७.८, विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम २ मिलिग्रॅम. नऊला ८.३. बाराला ९.०. साडेतीनला ९.४ आणि ऑक्सिजन १४. त्या तापमानाला हवेतून साडेसातच्या आसपास मिळायला हवा. उरलेला शेवाळानं बनवलेला.

युनिटकडून दिवसभरात तळ्याकडं कुणी फिरकलं नव्हतं. आण्णा स्वतः बांधावर पहारा देत होते.

टायट्रेशन, म्हणजे मोजून आम्ल सोडत अल्कलिनिटी काढायचं काम, मी बांधावरच लावलं, पालथ्या घमेल्यावर. सकाळच्या १०० मिलीत फिनॉल्फ्थॅलीन हा रंगदर्शक टाकला, रंग नाही. दुपारच्यात टाकला आणि फिकट गुलाबी. आण्णा उठून उभेच राहिले. "बघा! आलं का कॉस्टिक?" मी काही बोललो नाही. आम्लाचा एकेक थेंब सोडत गेलो. १.८ मिलीला गुलाबी गेला. मग दुसरा रंगदर्शक, मिथिल ऑरेंज. पिवळं, पिवळं, अजून पिवळं, आणि कडेनं नारिंगीची झाक. ब्युरेटवर १८.० मिली, म्हणजे अल्कलिनिटी १८०. सकाळचं होतं १८.२. कॉस्टिक असतं तर २०.८ यायला हवं होतं. मी पुन्हा केलं. १८.०.

गुलाबी रंग कार्बोनेटचा होता. शेवाळानं दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढला, तेव्हा त्याच बायकार्बोनेटचा काही भाग कार्बोनेट झाला. नवीन काही आत आलं नव्हतं.

हे आण्णांना पटलं नाही. त्यांनी गुलाबी डोळ्यांनी बघितला होता. मग एअर पंप काढले. सकाळची बाटली नि दुपारची बाटली शेजारी ठेवून दोन्हीत हवा सोडली. दोन-अडीच तासांत सकाळचं पाणी चढत ८.६ वर आलं, दुपारचं उतरत ८.७ वर. हवेशी तोल साधला की १८२ अल्कलिनिटीचं पाणी तिथंच येऊन थांबतं, लॅपटॉपनंही ८.७ सांगितलं होतं. खरं सांगायचं तर हा काही पुरावा नव्हता, कॉस्टिक असतं तरी ८.८ च्या आतच थांबलं असतं. पण चढणारं आणि उतरणारं पाणी एकाच जागी भेटलेलं बघून आण्णा पहिल्यांदा गप्प झाले. पुरावा मिळाला संध्याकाळी, लॅबच्या फ्लेम फोटोमीटरवर. सोडियम सकाळी ६१, दुपारी ६१. मी लगेच आण्णांना फोन लावला.

"मग मासं कशानं मेलं?"

अमोनियानं. पाण्यात एकूण अमोनिया १.२ मिलिग्रॅम होता. सामू ७.८ असताना त्यातला पाचेक टक्केच विषारी रूपात असतो. ९.४ ला, त्या उन्हात, साठ टक्क्यांच्या वर. म्हणून मासे दुपारीच उलटे होत होते. ऑक्सिजन संपून मरणारे मासे पहाटे मरतात.

"तळ्यात काय टाकताय आण्णा?"

जरा वेळ काही नाही. "कोंबडखत. पाणी हिरवं झालं की मासं फुगतं म्हनं."

"किती?"

"...ट्रॉली. दोन."

इकडं चंदगड-राधानगरीच्या बाजूचं पावसानं धुतलेलं हलकं पाणी असतं तर सामू यापेक्षाही उंच उडाला असता, कारण तिथं धरून ठेवायला बायकार्बोनेटच कमी. शिरोळकडं उलट, क्षार इतके की लोक आधी ईसी, म्हणजे क्षार दाखवणारी विद्युतवाहकता, विचारतात, मग बाकीचं. आण्णांचं पाणी मधलं, ईसी ८६०, उसाला चालणारं. पाण्यात खोट नव्हती. मी खत आणि खाद्य बंद करायला सांगितलं, चौथाई पाणी बदलायला आणि रात्री एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, चालू ठेवायला.

"आन् मीटिंगचं?" आण्णांनी विचारलं.

मीटिंगच्या आधी युनिटवर जायचं ठरलं. गुरुवारी नऊला आम्ही गेटवर होतो. माझ्या हातात रिपोर्ट, आण्णांच्या हातात टोपी. वॉचमननं विचारलं, "कोण आलंय म्हणून सांगू?"

आण्णांनी माझ्याकडं बोट केलं.