आकडी

गावाहून नारळ आले होते. सोलायला कोयती हवी होती आणि कोयती सापडेना. भर दुपारची वेळ, घरात सगळे झोपलेले, म्हणून आवाज न करता माळ्यावर चढलो. कोयतीऐवजी हाताला लागली ती आकडी. मधल्या काळात कुणीतरी तिला दोन मोडक्या छत्र्या अडकवून ठेवल्या होत्या.

कोकणातल्या माणसाला आकडी समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच की कमरेला दोरीने बांधायचा तो एक लाकडी आकडा असतो आणि पाठीमागे त्यात कोयती लटकते. उघडी. आजोबा चालू लागले की कोयती आकडीवर आपटून टकटक वाजायची. पाणंदीच्या वळणावर ती टकटक ऐकू आली की आजी चहाचं आधण ठेवायची. हाक कधी मारावी लागली नाही.

गेल्या महिन्यात भाचा आला होता. तो आठवडाभर संगणकापुढे बसतो आणि शनिवार-रविवारी सुऱ्या बनवतो. नवी सुरी दाखवायला आणली होती. त्याने ती माझ्यापुढे धरली, मी म्हटलं, "खाली ठेव आधी." तो बघतच राहिला. सुरी हातातून हातात द्यायची नाही, भांडण होतं. या असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण पाळतो. काम झालं की विळी आडवी करायची हेही पाळतो, दुसऱ्याच्या घरीसुद्धा उठून करतो. त्यावरून बायकोची बोलणी खाल्ली आहेत.

सुरी देखणी होती, पण माझं लक्ष म्यानाकडे. कोल्हापुरी चपलांचं असतं तसलं, झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं. ते ओलं करून सुरीवर दाबून बसवलेलं, दोन सुयांनी दोन्हीकडून शिवलेलं. आत धारेच्या बाजूला त्याने चामड्याची आणखी एक पट्टी घातली होती.

"ही कशाला?"

"नाहीतर सुरी काढता-घालता टाकेच कापले जातील, मामा."

एवढं डोकं मला सुचलं नसतं. मग त्याने विचारलं, "तुमच्या कोयतीचं म्यान कुठाय?"

मी म्हटलं, कोकणच्या पावसात चामड्याला आठ दिवसांत बुरशी येते आणि आतल्या लोखंडाला गंज. शिवाय माडावर चढलेला माणूस एका हाताने माड धरतो, दुसरा हात कोयतीला. म्यानाची बटणं तो काढणार कधी? त्याला पटलं असावं. निदान गप्प बसला.

मला आठवत होती आमच्या वाडीतली लोहारसाळ. सुट्टीत आम्ही पोरं तिथे पडीक असायचो, कारण भाता ओढायला मिळायचा. जरा हात थंडावला की आबा लोहार ओरडायचे, "ओढ मरे, निजलंस काय?" दाराला गोणपाट लावलेलं असे, आत अंधार. मला वाटायचं गरिबी आहे, खिडकी परवडत नसेल. कितीतरी वर्षांनी कळलं की उजेडात तापल्या लोखंडाचा रंग फसवतो. त्यांची सगळी मोजमापं त्या रंगात होती. भाचा चुंबक लावून बघतो. लोखंड 770 अंशांच्या वर गेलं की चुंबक धरत नाही, मग आणखी थोडं तापवून तो ते तेलात बुडवतो. नंतर तीच सुरी घरच्या ओव्हनमध्ये 200 अंशांवर 2 तास, ताईच्या केकच्या भांड्याशेजारी.

आबांकडे तेलही नव्हतं आणि ओव्हनही नव्हता. ट्रकचा जुना कमानपाटा यायचा, त्याचा तुकडा तोडून कोयती घडवायची. घडवून, कानस मारून झाली की पुन्हा तापवायची आणि धारेकडची दोन बोटं तेवढी तिरकी पाण्यात धरायची, पाठ बाहेर. चर्र. बाहेर काढून लगेच दगडावर एकदा घासली की काळ्या लोखंडात धारेचा पांढरा पट्टा उघडा पडे. पाठीतली ऊब हळूहळू धारेकडे सरकायची आणि तिच्यापुढे रंग धावायचे. आधी सुक्या पेंढ्याचा पिवळा, त्याच्या पाठोपाठ तपकिरी, मग जांभळा, मग मोरपिशी निळा. आम्ही श्वास रोखून बघायचो. धार पिवळ्यावर थांबवली तर कोयती करवंटीवर आपटून कपचा टाकते, निळ्यावर गेली तर मुडपते. धारेला जांभळ्याची चाहूल लागली की आबा अख्खी कोयती पाण्यात घालायचे. हा सगळा खेळ चिलीम पेटवण्याइतक्या वेळात संपे.

याला पाणी देणं म्हणतात. बोथट झालेली कोयती पाजवायला टाकतात. म्हणजे लोखंडाला तहान लागते हे आपण धरूनच चाललोय. आणि तेच पाणी पुढे माणसांनाही चढतं नि उतरतं, कुणाचं पाणी कुणी जोखतं. यावर काहीतरी मोठं सुचतंय असं माळ्यावर बसल्या बसल्या वाटलं होतं, पण खाली कुकरची शिट्टी झाली आणि ते गेलं.

राहिलं ते काकींचं. आबांची बायको. सगळी वाडी आबांचा हात वाखाणायची, पण घण काकी मारायच्या. आबा डाव्या हातात सांडशी धरून लहान हातोडीने लोखंडावर टिचकी मारत, आणि जिथे टिचकी पडली तिथेच काकींचा घण पडे. टिक, धाड. टिक, धाड. दोघांत एक शब्द नाही. थांबायचं झालं की आबा हातोडी नुसती ऐरणीवर वाजवत, की घण वरच्या वर अडे. नऊवारीचा काष्टा, कपाळावर घाम, आणि दोन घावांच्या मध्ये झोळीतल्या पोरावर एक नजर. शेवटी मूठ बसवायचं काम मात्र आबांचं. कोयतीचं शेपूट लाल करून खैराच्या मुठीत ठोकलं की जळक्या लाकडाचा वास सुटे. मला तो अजूनही आवडतो.

परवा नगर रस्त्याला घिसाड्याचं एक जोडपं दिसलं. पालापुढेच भट्टी, तो धरतोय, ती घण मारतेय. उसाचे कोयते मांडले होते. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. जोडीदार नसेल तर अर्धा कोयता. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा अवजारच मोडकं असेल असं मला वाटलं होतं.

काकी गेल्या त्या वर्षी आम्ही मे महिन्यात गावी गेलो. आजोबांनी नवी कोयती सांगितली होती. आबा म्हणाले, जुनी द्या, पाजवून देतो. नवी त्यांनी नंतर कुणालाच करून दिली नाही.

नारळ अजून तसेच आहेत.