वॉर्नचं वकीलपत्र

मला एक सवय आहे, झोप येत नसली की फोनवर तो बॉल लावायचा. कुठला ते क्रिकेटवाल्यांना सांगायची गरज नाही. ४ जून १९९३, ओल्ड ट्रॅफर्ड, ऑस्ट्रेलियाच्या लेगस्पिनर शेन वॉर्नचा इंग्लंडमधल्या अ‍ॅशेसमधला (इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची टेस्ट मालिका) पहिलाच बॉल. रनअप म्हणावा तर रनअप नाहीच, गडी आरामात चार पावलं चालत येतो, जणू शतपावलीला निघालाय, आणि मग खांदा आणि मनगट एकदम कामाला लागतं. बॉल आधी सरळ येतो, मग हवेतच लेगच्या बाहेर वाहवत जातो, इंग्लंडचा माइक गॅटिंग पाय पुढे टाकतो, बॅट पॅडला चिकटवतो, म्हणजे कोचने शिकवलेलं सगळं बरोबर करतो, आणि बॉल टप्पा पडून त्याच्या सगळ्या शिक्षणाला वळसा घालून ऑफ स्टंपवर जातो. मागे विकेटकीपर हीली हात वर करून नाचतोय आणि गॅटिंग अजून उभाच. पिचकडे बघतोय. मग निघतो, पण चेहऱ्यावर असं की कोणीतरी खिशातलं पाकीट मारलंय आणि नेमकं कधी ते कळलं नाही. शेकडो वेळा बघितलंय हे मी आणि खरं सांगतो, दरवेळी वाटतं की आज नाही वळणार, आज लेगच्या बाहेरूनच निघून जाईल.

तर अशा माझ्यासारख्या माणसाला घरात कोणी वॉर्नचा विषय काढून दिला की मग थांबवणं अवघड. एकदा सगळे जमलेलो, मी सुरू झालो. २००३ च्या वर्ल्ड कपला ऑस्ट्रेलियाची पहिली मॅच उद्या आणि आज हा डोप टेस्टमध्ये सापडून घरी परत, कारण काय तर बारीक दिसायला आईने गोळी दिली होती. हशा. वर्षभराची बंदी बसली, पण परत आला तो तसाच. मग मी २००० सालचा किस्सा काढला. तेव्हा तो काउंटी खेळायला इंग्लंडात होता, तिथल्या एका नर्सला फोनवर अश्लील मेसेज ठेवले, प्रकरण पेपरात आलं आणि ऑस्ट्रेलियाच्या बोर्डाने त्याचं व्हाइस कॅप्टनपद काढून घेतलं. हेही मी त्याच चालीत सांगत होतो, म्हणजे काय बाई हा माणूस, सुधारायचा नाही वगैरे. भाऊजी हसले. ताई नाही हसली. तिने शांतपणे विचारलं, "अरे, त्या नर्सला पण ते मजेशीर वाटले होते का?"

मी म्हटलं, अगं तसं नाही, तो मुळात...

"तू त्याचं वकीलपत्र घेतलंयस का?"

विषय तिथेच संपला, कोणीतरी दुसरं काहीतरी काढलं. पण माझ्या डोक्यात ते वकीलपत्र राहिलं, कारण खरंच घेतलेलं होतं. आणि फी न घेता. नुसतं वॉर्नचं नाही, बऱ्याच जणांचं. कोणी काही बोललं की माझी उत्तरं तयार असायची, त्याचं खासगी आयुष्य आहे, मीडिया फुगवतो, एवढ्या लहान वयात एवढा पैसा मिळाल्यावर कोणाचं डोकं ठिकाणावर राहील, आणि शेवटचा हुकमी एक्का म्हणजे "तू घे ना ७०८ विकेट". आता बघा, ७०८ टेस्ट विकेट आणि त्या बाईच्या फोनवरचे मेसेज यांचा एकमेकांशी काय संबंध? काहीच नाही. पण मी वर्षानुवर्षं एकाच्या बदल्यात दुसरं वळतं करून घेत होतो.

मग मी स्वतःसाठी एक नियम बनवला, बनवला म्हणजे आधीपासून असावा, शब्दात आणला. ज्याने स्वतःचंच वाटोळं केलं त्याला माफ, ज्याने दुसऱ्याचं केलं त्याला नाही. ऐकायला छान आहे. माझा त्यातला लाडका म्हणजे फुटबॉलवाला मॅराडोना. कोकेनपायी १९९१ मध्ये पंधरा महिन्यांची बंदी, १९९४ च्या वर्ल्ड कपमधून एफेड्रिन हे बंदी असलेलं उत्तेजक सापडलं म्हणून हकालपट्टी, मग वजन, मग हॉस्पिटलं, मग २०२० ला गेलाच. बिचाऱ्याने स्वतःलाच खाल्लं, दुसऱ्याचं काय वाईट केलं?

मग थोडं वाचल्यावर कळलं. तो इंग्लंडविरुद्धचा गोल, हाताने मारला तो नाही, त्यानंतर चारच मिनिटांनी अख्खी टीम मागे टाकत मारला तो, २२ जून १९८६ चा. त्यानंतर तीनेक महिन्यांनी इटलीत नेपल्समध्ये, जिथल्या क्लबकडून तो खेळायचा, त्याचा एक मुलगा जन्मला. नाव दिएगो. आईने बापाचंच नाव ठेवलं आणि बाप म्हणाला हा माझा नाही. १९९३ मध्ये इटलीच्या कोर्टाने सांगितलं की मुलगा ह्याचाच आहे, तरी हा ढिम्म. सगळ्यांसमोर त्याला आपला म्हणायला २०१६ उजाडलं, तोपर्यंत पोरगा तीस वर्षांचा होत आलेला. आणि विचार करा ते पोरगं वाढत कुठे होतं, तर नेपल्समध्ये, जिथे भिंतीभिंतीवर त्याच्या बापाचं चित्र. शाळेत जाता-येता बाप दिसतोय, देवासारखा.

तर "स्वतःचंच वाटोळं" असं काही नसतं हो. बाजूला कोणीतरी असतंच, फक्त कॅमेरा तिकडे नसतो.

२००१ मध्ये बोका ज्युनियर्स या त्याच्या जुन्या क्लबच्या मैदानावर निरोपाच्या मॅचनंतर मॅराडोना माइकवर रडत म्हणाला होता की मी चुकलो आणि त्याची किंमत मोजली, पण चेंडूला डाग लागत नाही. हे वाक्य मला आजही भारी वाटतं, आणि चेंडूपुरतं ते खरंच आहे. पण त्या वेळी तो मुलगा पंधरा वर्षांचा होता आणि तो काही चेंडू नव्हता.

बरं, माझा नियम फसला हे एक. दुसरं जे लक्षात आलं ते जास्त लाजिरवाणं आहे. आपण (मी तरी) माफी स्कोअरबोर्ड बघून देतो. दुभत्या गाईच्या लाथा गोड, दुसरं काही नाही. विनोद कांबळी घ्या. १९९३ मध्ये लागोपाठ दोन टेस्टमध्ये डबल सेंच्युरी, १७ टेस्ट, ५४.२० ची अ‍ॅव्हरेज, आणि १९९५ नंतर टेस्ट नाही. त्याच्या दारूबद्दल तो स्वतःही बोललाय. पण त्याचं नाव निघालं की लोक लगेच प्रवचनाला बसतात, शिस्त नव्हती, डोक्यात हवा गेली, पोरांनो बघा असं होतं. आता फुटबॉलवाला जॉर्ज बेस्ट घ्या. सत्ताविसाव्या वर्षी मँचेस्टर युनायटेडमधून बाहेर, दारूपायी लिव्हर गेलं, २००२ मध्ये दुसरं बसवलं, त्यावरही प्यायला, २००५ मध्ये संपला. त्याचं काय सांगतात? दारू, बायका आणि गाड्यांवर भरपूर पैसा खर्च केला आणि उरलेला उधळला, हे त्याच्या नावावरचं वाक्य टी-शर्टवर छापावं तसं सांगतात. एकच दारू, पण एकाची ती व्यसन आणि दुसऱ्याचा रंगेलपणा. फरक काय, तर एक युरोपियन कप जिंकून आणि १९६८ चा युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरून मग घसरला आणि दुसरा त्याआधीच. म्हणजे आपल्याला चारित्र्याशी देणंघेणं नव्हतंच कधी.

गोल्फवाल्या टायगर वूड्सचं तर याहून उघड. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये गाडी घराबाहेरच्या फायर हायड्रंटवर घातली आणि मग एकेक बाई पुढे येत गेली. पुढच्या फेब्रुवारीत टीव्हीवर उभं राहून माफी मागितली ती मी पूर्ण बघितली, आणि तेव्हा सगळे म्हणत होते की पाठ करून आलाय, खोटं वाटतंय. चांगली तेरा-चौदा मिनिटं बोलला, कोणी माफ नाही केलं. मग २०१९ मध्ये मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकला, शेवटचा फटका होलमध्ये टाकून पोराला मिठी मारली, १९९७ ला तिथेच त्याच्या वडिलांनी त्याला मारली होती तशी, आणि लोक ढसाढसा रडले. मी पण. माफी मागून जे मिळालं नाही ते पाचव्या ग्रीन जॅकेटने (मास्टर्स जिंकणाऱ्याला देतात ते) मिळालं. आता त्यात त्याच्या बायकोशी झालेल्या वागण्याची भरपाई कुठे झाली ते मला कोणी सांगा.

(सायकलवाल्या लान्स आर्मस्ट्राँगला यात धरत नाहीये. त्याची सातही टूर द फ्रान्स जेतेपदं डोपिंगपायी २०१२ मध्ये काढून घेतली, तिथे जे बघून आपण टाळ्या वाजवल्या तेच खोटं होतं. कौतुक करायला मागे काही उरतच नाही. सोपी केस.)

अवघड केस म्हणजे बॉक्सर टायसन आणि धावपटू पिस्टोरियस. २०१२, लंडन ऑलिंपिक, ४०० मीटर सेमीफायनल. पिस्टोरियस कार्बनच्या पायांवर धावला आणि शेवटचा आला. जिंकलेला ग्रेनाडाचा किरानी जेम्स थेट त्याच्याकडे गेला, छातीवरची नावाची पट्टी काढली आणि त्याच्याशी बदलून घेतली. मी तेव्हा टीव्हीसमोर उभा राहिलो होतो. सहा महिन्यांनी, १४ फेब्रुवारी २०१३ ला, त्याने बाथरूमच्या बंद दारातून चार गोळ्या झाडून त्याच्या मैत्रिणीला, रीव्हा स्टीनकँपला मारलं. अपिलात खुनाचा गुन्हा सिद्ध झाला. ती सेमीफायनलची क्लिप मी नंतर एकदाही लावलेली नाही. एकदा समोर आली तर अंगठ्याने पटकन वर सरकवली.

आणि टायसन? १९९२ मध्ये बलात्काराचा गुन्हा सिद्ध झाला, मुलगी अठरा वर्षांची होती, तो जवळपास तीन वर्षं आत होता. त्याने कधी कबूल केलं नाही पण ज्यूरीने दोषी ठरवलं, ते रेकॉर्डवर आहे. आणि मी १९८६ ची ती ट्रेव्हर बर्बिकची फाइट आरामात बघतो. विसाव्या वर्षी हेवीवेट चँपियन, दुसरा राउंड, एकच फटका आणि बर्बिक तीनदा उठायला बघतो, तीनदा पडतो, पाय त्याचं ऐकतच नाहीत. का बघू शकतो मी? एकाची क्लिप सरकवतो आणि दुसऱ्याची का लावतो? याचं प्रामाणिक उत्तर द्यायला मला बरेच दिवस लागले आणि ते उत्तर चांगलं नाही. टायसन आता इंटरव्ह्यूमध्ये हसवतो, कबुतरं पाळतो, म्हातारा आणि मऊ झालाय. रीव्हाचा फोटो आपल्या सगळ्यांना माहितीये, त्या मुलीचा चेहरा मला आठवत नाही. एवढंच. यात तत्त्व वगैरे काही नाही.

मुळात गडबड कुठे होते ते मला वाटतं असंय, की मैदानावर आपल्याला एखादा गुण इतका लख्ख दिसतो की बाकीचा माणूस आपण त्यावरून भरून घेतो. पाचवा दिवस, पिचची काही मदत नाही, बॅट्समन सेट आणि हा पंचविसावी ओव्हर टाकतोय, तरी खांदे पडलेले नाहीत, मग आपण म्हणतो काय धीर, काय मन, काय माणूस. धीर असतो ना, खोटा नसतो. पण तो त्या बावीस यार्डांपुरता कमावलेला असतो, घरी जाताना तो किट बॅगेत जातो. २००५ च्या अ‍ॅशेसमध्ये वॉर्नचं लग्न मोडत होतं, त्याच्याच करणीने, पेपर भरभरून छापत होते, आणि त्याने त्या पाच टेस्टमध्ये ४० विकेट काढल्या. टीम हरली तरी ४०. मी आधी हे त्याच्या मोठेपणाचं उदाहरण म्हणून सांगायचो, की बघा घरात आग लागली असताना. आता सांगताना मध्येच अडखळतो, कारण आग कोणी लावली होती हेही सांगावं लागतं.

बास्केटबॉलवाल्या चार्ल्स बार्कलीची १९९३ ची जाहिरात होती, मी रोल मॉडेल नाही, मुलांना वाढवणं आईबापांचं काम आहे अशा अर्थाची. तेव्हा लोक चिडले होते त्याच्यावर. मला तर तो एकटाच खरं बोलला असं वाटतं, फक्त ते बोलायला त्याने बुटाच्या कंपनीचे पैसे घेतले होते आणि तीच कंपनी त्याच वेळी बाकीच्यांना देव करून विकत होती, हा भाग वेगळा.

तर आता मी काय करतो. बॉल बघतो, अजूनही, काल रात्रीसुद्धा. वकीलपत्र मात्र परत केलंय. कोणी म्हणालं वॉर्न बायकांशी नीट वागला नाही तर मी म्हणतो हो, नाही वागला. पुढे "पण" लावत नाही. सुरुवातीला जड गेलं, जीभ आपोआप "पण"कडे जायची. नर्सचा किस्सा सांगणं बंद केलं. गोळीचा अजून सांगतो, तो खरंच मजेशीर आहे.

दरवर्षी २५ नोव्हेंबरला मी घरच्या ग्रुपवर मॅराडोनाचा तो दुसरा गोल टाकतो (बेस्टही २५ नोव्हेंबरलाच गेला, पंधरा वर्षं आधी). आधी खाली लांबलचक लिहायचो, देव माणूस, असा होणे नाही, इत्यादी. गेल्या वेळी लिहायला घेतलं, "देव" टाइप केलं, खोडलं आणि नुसती क्लिप टाकली. दहा सेकंद, स्वतःच्या हाफमधून निघालेला. भाऊजींनी अंगठा दिला. ताईने बघितल्याचं दिसलं, काही बोलली नाही. मला वाटलं आता येतोय प्रश्न.

अर्ध्या तासाने तिचा मेसेज आला, "तो एक पांढऱ्या शर्टवाला आहे त्याला दोनदा चकवलं का रे?"

मी म्हटलं हो, दोनदा. बुचर. पहिल्यांदा मागे पडला तर धावत आला परत, बिचारा, शेवटी आडवा पाय घातला त्याने, तेव्हा बॉल जाळ्यात निघाला होता.

"थांब परत बघते."