गौतमाच्या हातातला दर्भ

पौष वद्य द्वादशी

सकाळी वरणभाताचा नैवेद्य दाखवून बारस सोडली. पोटऱ्या अजून ठणकतायत. दशमीला सातपूरहून एका दिंडीत सामील झाले, रात्री महिरावणीच्या पुढे एका शाळेच्या पडवीत मुक्काम केला आणि काल एकादशीला त्र्यंबक गाठलं. लेक म्हणत होता, "आई, थंडी किती पडलीय, एसटीनं जा ना." पण निवृत्तिनाथांच्या यात्रेला माझ्या माहेरचं कुणी गाडीनं गेल्याचं मला आठवत नाही. आईच्या गळ्यात माळ होती. लहानपणी तिचं बोट धरून मी ह्याच रस्त्यानं चालले आहे.

मधली कितीतरी वर्षं हरिपाठ माझ्या तोंडात आला नव्हता. काल समाधीपुढच्या रांगेत तो आपोआप सुरू झाला आणि शेवटपर्यंत थांबला नाही. हे का झालं ते जमेल तसं लिहून ठेवते.

आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग होती. थॉमसन जातीची. ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी झाली की पुढचे चार महिने घरातलं कुणी नीट झोपत नाही. आज डावणी रोग, उद्या भुरी, मध्येच ढगाळ वातावरण, मणी फुगावेत म्हणून घड जीएच्या औषधात बुडवायचे, मण्यांची विरळणी, थंडी फार वाढली की पहाटे बागेत शेकोट्या. २०१४ मध्ये हे सगळं पार पडून घडात साखर उतरली होती, व्यापाऱ्याशी सौदा ठरला होता, आणि फेब्रुवारी-मार्चातल्या त्या गारपिटीत आमची बाग सापडली. अर्धा तासही गारा पडल्या नसतील. पुढे कितीतरी दिवस बागेत फुटलेल्या मण्यांचा आंबूस वास होता. हे बांधावर बसून राहायचे, आत जायचे नाहीत.

त्यानंतरचं भराभर लिहिते, कारण द्राक्षवाल्या घरांत ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. सोसायटीचं कर्ज, ते नवंजुनं करणं, नातेवाइकांचे हातउसने पैसे, पुढच्या हंगामात अवकाळी. अंगावरचं सोनं गेलं, मग निम्मी बाग गेली. त्यातच ह्यांच्या पायांवर सूज दिसायला लागली. उन्हात उभं राहून राहून आली असेल असं आम्हाला वाटलं. तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली आहेत, रक्तदाब कित्येक वर्षं वाढलेला असणार. उरलेली बाग विकून आम्ही पंचवटीत भाड्याच्या दोन खोल्यांत आलो, कारण डायलिसिस आठवड्यातून दोनदा, पुढे तीनदा लागायला लागलं आणि गावाहून ये-जा करणं ह्यांना झेपेना.

चार तास मशीन चालायचं. मी बाहेर बाकावर. त्या बाकावर बसून मी जे शिकले ते कुठल्याच शाळेत शिकले नव्हते. गळ्याजवळ बसवलेली नळी आणि हातातला फिस्टुला ह्यांतला फरक शिकले. फिस्टुला करताना हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. तो नीट चालू असला की त्यावर बोट ठेवल्यावर थरथर लागते आणि हात कानाशी धरला की घूं घूं असा आवाज येतो. रोज सकाळी मी ह्यांचा हात कानाशी धरायचे. त्या हातात सलाईनची सुई नाही, रक्तदाबाचा पट्टा नाही, त्या हातानं जड पिशवी उचलायची नाही. दिवसाचं पाणी मोजून बाटलीत भरून ठेवायचं, फारच घसा कोरडा पडला तर बर्फाचा एक खडा. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. हे सगळं मी ह्यांच्या फवारणीच्या वहीत लिहून ठेवत गेले. पुढच्या पानांवर कोणतं औषध किती लिटर पाण्यात कधी मारलं ते ह्यांच्या अक्षरात, मागच्या पानांवर वजन, रक्तदाब आणि मूत्रपिंड किती चालतंय ते सांगणारा क्रिएटिनीनचा आकडा माझ्या अक्षरात. वही अजून आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, हे गेले. अस्थी रामकुंडात सोडल्या तेव्हा आम्ही घरचे चारच जण होतो.

माणसं भेटायला आली, फोन आले. सगळ्यांचा हेतू चांगला होता. कुणी म्हणालं देव परीक्षा बघतो. कुणी म्हणालं मागच्या जन्मीचं फेडून झालं, सुटले. एक लांबच्या सासूबाई म्हणाल्या, "देवाला जो जवळचा वाटतो ना, त्यालाच तो दुःख देतो गं." ह्यातलं एकही वाक्य मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. सूज आली, रक्तदाब वाढलेला होता, तो वेळेवर कुणी मोजला नाही, मूत्रपिंडं गेली. गारा पडल्या कारण आभाळात गारा होत्या. ह्यात माझ्या विठोबाला ओढायची गरज नाही. बायकोला काहीतरी शिकवायचं म्हणून तिच्या नवऱ्याला सहा वर्षं तहानलेला ठेवणाऱ्या देवापुढे मी हात जोडणार नाही. म्हणूनच तेव्हा माझा हरिपाठ थांबला. देव्हाऱ्यात दिवा सून लावायची.

मग पुढच्या वर्षी एका कागदावर सही-शिक्का हवा होता, म्हणून त्या दवाखान्यात पुन्हा जावं लागलं. पाय उचलत नव्हते. काम झाल्यावर डायलिसिस विभागासमोरून जाताना त्याच बाकावर एक बाई दिसल्या. पेठकडच्या असाव्यात, नऊवारी, पायात रबरी चपला, आणि मांडीवर शहाळं. सोलून, वरचं टोक छाटून आणलेलं. आत त्यांचा मुलगा मशीनवर होता, दुसरीच वेळ त्याची. एवढ्या लांबून आलेल्या त्या माउलीनं पदरचे पैसे मोडून आजाऱ्याला द्यायचं तेच आणलं होतं, जे आपल्याकडे सगळेच आणतात.

मी थांबले. म्हटलं, "मावशी, हे त्याला देऊ नका."

त्या घाबरल्या. मी शेजारी बसले आणि सांगितलं की शहाळ्यात पोटॅशियम खूप असतं, धडधाकट माणसाचं ते लघवीवाटे निघून जातं, ह्याचं जात नाही, रक्तात साठतं आणि एकदम हृदयावर येतं. हे आमच्या वेळी एका टेक्निशियन पोरानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं किंवा सांगितलेलं गोंधळात कळलं नव्हतं. मग केळी, टोमॅटो, सुकामेवा. मग भाजी उकळून पाणी फेकायचं. त्यांनी विचारलं, "आणि त्याच्या हातात असं फुरफुर का वाजतं, बाई?" मी त्यांना कान कसा लावायचा ते दाखवलं. शहाळं शेवटी त्यांनी आणि मी प्यायलं.

त्या रात्री मला झोप लागली. बाग गेल्यापासून अशी लागली नव्हती.

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथे जाते. कुणी बोलावलं नव्हतं. हळूहळू नर्सताईच लोकांना सांगायला लागल्या, "त्या बाकावरच्या ताईंना विचारा." सुरगाणा, पेठ, कळवण, इगतपुरी, कुठून कुठून माणसं पहाटेची एसटी धरून येतात. पथ्यापेक्षा जास्त घोळ कागदांचा असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, आता कुठलंही रेशनकार्ड असलं तरी कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात, आणि योजनेतल्या दवाखान्यात लोकांना मदत करायला आरोग्यमित्र बसलेला असतो. पण हे ऐकायला माणूस मुळात शुद्धीवर लागतो. पहिल्या दिवशी कुणीच नसतं. रेशनकार्डावर 'काशिनाथ' आणि आधारवर 'काशीराम' असलं की बाप हातपाय गाळून बसतो. कुठला कागद आधी दुरुस्त करायचा, कुणाला भेटायचं, झेरॉक्स किती काढायच्या, एवढं जरी कुणी शेजारी बसून सांगितलं तरी त्याच्या चेहऱ्यावर रंग येतो. माझ्या चेहऱ्यावर कसा येत होता ते मला माहीत आहे.

आता कालचं. समाधीचं दर्शन झालं आणि मी कुशावर्त कुंडावर येऊन बसले. कीर्तनात ऐकलेली गौतम ऋषींची गोष्ट लहानपणापासून पाठ आहे, पण काल ती वेगळीच उघडली. दुष्काळ पडला होता, गौतमांच्या आश्रमात मात्र वरुणाच्या कृपेनं पाणी आणि भात होता. इतरांना ते बघवेना. एक मायावी गाय त्यांच्या शेतात सोडली गेली. गौतमांनी तिला हाकलायला हातातली दर्भाची काडी उगारली, आणि गाय जागेवर मेली. गोहत्येचा डाग लागला. काहीही न करता लागला. मग ब्रह्मगिरीवर त्यांनी शंकराचं तप केलं, शंकरानं जटा आपटून गंगा खाली आणली, पण ती एका जागी ठरेना. इथे दिसायची, तिथे लुप्त व्हायची. शेवटी गौतमांनी तिला ह्या जागी अडवलं. कशानं? कुशानं. दर्भानंच.

हे एवढ्या वेळा ऐकूनही मला कधी दिसलं नव्हतं. ज्या गवतानं गाय मेली, तेच गवत हातात घेऊन त्यानं गंगा थांबवली. त्याला ते फेकून देता आलं असतं. जन्मात पुन्हा दर्भाला शिवणार नाही, असं म्हणता आलं असतं. कुणी दोष दिला नसता.

आणि मी ऐकलेल्या गोष्टीत कुणीही असं म्हणत नाही की गंगा यावी म्हणून देवानं गाय मारली. गाय पाठवली ती मत्सरानं. देव नंतर आला, हाक मारल्यावर आला. मला ही गोष्ट ह्यासाठी फार खरी वाटते. माझ्या घरावर आलं ते देवानं पाठवलं नाही, पण त्यानंतर तो आला, हे मी आता छातीवर हात ठेवून सांगू शकते. त्या दिवशी मला त्या विभागासमोरून कुणी नेलं, पाय उचलत नसताना? तो कागद पोस्टानंही आला असता.

गंगा खाली आली ती गौतमाचा एकट्याचा डाग धुवायला. पण ती त्याच्यापाशी थांबली कुठे? त्र्यंबकाहून नाशकात, मग निफाडाच्या अंगानं पैठण, नांदेड, पुढे तेलंगण, आंध्र, असं जवळजवळ १,४६५ किलोमीटर जाऊन समुद्राला मिळते. आमची बाग तिच्याच पाण्यावर होती. निवृत्तिनाथांचंही तसंच. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेलं घर, ह्याच डोंगराच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, हा मुलगा घरच्यांपासून तुटला आणि गुहेत शिरला, तिथे गहिनीनाथ भेटले, असं परंपरा सांगते. त्या गुहेत जे मिळालं ते त्यांनी धाकट्या भावाच्या ओंजळीत घातलं, आणि ज्ञानोबांनी जन्मभर त्यांनाच गुरू म्हटलं.

माझं गेलेलं काही परत आलेलं नाही, हेही लिहून ठेवते. बाग दुसऱ्याची आहे, तिथे आता दुसरं वाण लावलंय. घरभाडं लेकाच्या अंबडच्या पगारातून जातं. ह्यांची आठवण येते तेव्हा येतेच, बाकावर बसलेली असतानाही येते, आणि आत मशीनवर कुणी पाणी मागितलं की माझा जीव तसाच कळवळतो. ह्यांना हे आयुष्य का मिळालं नाही, हा प्रश्न मी काल समाधीपुढे विचारला. उत्तर आलं नाही. पण विचारता आलं, आणि विचारताना मी एकटी नव्हते. इतकी वर्षं मी त्याच्याशी बोलतच नव्हते. काल भांडले, आणि मग त्याच तोंडानं हरिपाठ आला.

परतताना दिंडीतल्या एका आजींनी विचारलं, "पुढच्या वर्षी येशील ना गं?" मी हो म्हटलं. ज्येष्ठात पालखी पंढरपूरला निघते तेव्हा नाशिकपर्यंत तरी चालावं, असंही मनात आहे. बघू, शुक्रवार-मंगळवार सांभाळून.

उद्या शुक्रवारच आहे. सुरगाण्याचं एक जोडपं येणार आहे, तिशीतलाच नवरा, फिस्टुला होऊन आठवडा झालाय आणि बायको सुईच्या नावानंही रडते. तिला मूळ रेशनकार्ड आणि दोघांची आधारकार्डं आणायला फोनवर सांगितलंय, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आण म्हटलं, सकाळचं दव फार असतं. माझ्या वहीतलं पथ्याचं पान आज तिच्यासाठी मोठ्या अक्षरात उतरवून ठेवायचंय. तिला वाचता येतं, नवऱ्याला नाही.